दोन सेंटिमीटरचा माणूस आणि त्याचं साल

दिवाळीच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड-विटांवर गोणपाट टाकून, चिखल थापून केलेला तो ढिगारा बराच वेळ ढिगाराच दिसतो. अळीव उगवून हिरवळ आली तरी फारसा फरक पडत नाही. बुरुजावर पहिला मावळा उभा राहिला, सिंहासनावर महाराज बसले की मात्र क्षणात त्याचा गड होतो. तटाची उंची कळते, दरवाजा केवढा ते कळतं आणि मुख्य म्हणजे काळ कळतो. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी कधी कधी हिरव्या प्लॅस्टिकचे बंदूकधारी सैनिकही मांडलेले असतात. मुलांच्या खेळात ते खपतं आणि खपायलाच हवं. पण पाहणाऱ्याच्या नजरेला तिथे काहीतरी खटकतंच, कारण कुठल्याही देखाव्याचं साल हे त्यातल्या माणसांच्या अंगावर लिहिलेलं असतं. डोक्यावर काय आहे, खांद्यावर काय आहे, हातात काय आहे, यावरून आपण न विचारता काळ ओळखतो.

हीच गोष्ट मॉडेल रेल्वेच्या छंदाला तंतोतंत लागू पडते. लहान प्रमाणात रूळ, इंजिनं, स्टेशनं, बोगदे उभारून एखादा रेल्वेमार्ग जिवंत करण्याचा हा छंद जगभर मोठ्या निष्ठेने जोपासला जातो. आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेगाड्यांचं जोशी संग्रहालय आहे आणि तिथे लहानथोर सारखेच रमतात. या छंदातली दोन प्रमाणं खूप प्रचलित आहेत: युरोप-अमेरिकेतलं एचओ, म्हणजे १:८७, आणि ब्रिटनमधलं ओओ, म्हणजे १:७६. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस एचओमध्ये दोन सेंटिमीटरचा होतो, ओओमध्ये दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटरचा. इंजिनाच्या बाबतीत ही मंडळी काटेकोर असतात. कोणत्या साली कोणता रंग होता, धुराड्याचा आकार कधी बदलला, डब्यावरची अक्षरं कोणत्या वळणाची होती, यावर तासन्‌तास चर्चा होते. प्लॅटफॉर्मवरची माणसं मात्र पाकिटातून काढून, जशी आली तशी चिकटवली जातात. परिणामी १९४० चं इंजिन १९६५ च्या प्रवाशांना घेऊन निघतं. या इवल्या माणसांना त्यांचं साल मिळवून द्यायचं असेल, तर त्यासाठी सर्वांत भरवशाचं साधन लष्करी इतिहासात आहे आणि रेल्वेप्रेमींनी ते हक्काने वापरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लष्करी इतिहासच का, याचं उत्तर सैन्याच्या कारभारात आहे. सामान्य माणसाचे कपडे हळूहळू बदलतात. वडिलांचा कोट मुलगा वापरतो, जुनी टोपी वीस वर्षं टिकते, आणि कोणती फॅशन कधी संपली याची नोंद कुणी ठेवत नाही. सैन्यात प्रत्येक बटणाला आदेश असतो. नवा गणवेश मंजूर होतो, त्याला क्रमांक मिळतो, तो अमुक साली अमुक तुकड्यांना वाटला जातो आणि या सगळ्याचे कागद उरतात. ब्रिटिश सैन्याचा आखूड जाकिटाचा ‘बॅटलड्रेस’ दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आला. स्टेनगन १९४१ मध्ये आली. छत्रीसैनिकांची लालसर मरून बेरे टोपी १९४२ ची. सर्वसाधारण पायदळाची बेरेसारखी दिसणारी ढगळ खाकी टोपी १९४३ ची. म्हणजे डोक्यावरची टोपी पाहून चित्राचं साल दोन-तीन वर्षांच्या आत पकडता येतं. ही माहिती आज सहज मिळते. ऑस्प्रे प्रकाशनाची ‘मेन-ॲट-आर्म्स’ ही सचित्र मालिका १९७१ पासून चालू आहे आणि तिची पाचशेहून अधिक पुस्तकं निघाली आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची स्थापना १९१७ ची. तिथला छायाचित्रांचा साठा प्रचंड आहे आणि बहुतेक चित्रांवर तारीख आणि ठिकाण नोंदलेलं आहे.

या दोन छंदांचं नातंही जुनं आहे. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून प्लॅस्टिकचे लहान सैनिक विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या खोक्यावर ‘एचओ-ओओ’ असं रेल्वेचंच प्रमाण छापलेलं होतं. अमेरिकेत १९३४ पासून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक काढणाऱ्या कॅल्मबाख प्रकाशनानेच १९८० मध्ये शेपर्ड पेन या नामवंत कलाकाराचं लष्करी देखावे कसे करावेत यावरचं पुस्तक काढलं. पुढे दोन्ही छंदांच्या वाटा वेगळ्या झाल्या, दुकानातली कपाटंही वेगळी झाली. पण एका कपाटातलं ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

एक ठोस प्रसंग घेऊ. २६ मे ते ४ जून १९४० या दहा दिवसांत फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर अडकलेले ३ लाख ३८ हजारांहून अधिक सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला आणले गेले. बोटींची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरची कहाणी रेल्वेची आहे. डोव्हर आणि आसपासच्या बंदरांवर उतरलेल्या या माणसांना देशभर पोचवण्यासाठी चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांचे डबे गोळा करून खास गाड्या सोडल्या गेल्या. केंट परगण्यातल्या हेडकॉर्न, पॅडॉक वुडसारख्या लहानशा स्टेशनांवर गाड्या थांबत. गावातल्या बाया पाव कापून, चहा उकळून तयार असत. काही मिनिटांत खिडक्यांतून चहा आणि सँडविच आत जाई आणि गाडी हले. मॉडेल रेल्वे करणाऱ्याला याहून सुंदर विषय कुठला मिळणार? एक छोटं स्टेशन, सदर्न रेल्वेचं हिरवं इंजिन, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगांचे डबे आणि माणसांनी फुललेला प्लॅटफॉर्म. इंजिन आणि डबे बाजारात मिळतात. माणसं मात्र घडवावी लागतात.

‘ब्रिटिश पायदळ’ असं लिहिलेलं पाकीट उघडलं तर त्यात बहुधा युद्धाच्या उत्तरार्धातला सैनिक निघतो: डोक्यावर ढगळ टोपी, हातात स्टेनगन, पाठीवर भरगच्च पिशवी. जून १९४० मध्ये ती टोपी नव्हती आणि स्टेनगनही नव्हती. म्हणून आधी डोकं. टोपी तासून तिथे थाळीसारखं पसरट पोलादी शिरस्त्राण बसवायचं, किंवा उजवीकडे कललेली होडीच्या आकाराची कापडी टोपी कोरायची. मग हत्यार. स्टेनगन कापून टाकायची आणि तिथे पंधरा मिलिमीटरची रायफल द्यायची, कारण सुमारे एक मीटर तेरा सेंटिमीटरची खरी रायफल १:७६ प्रमाणात तेवढीच होते. मग छाती. त्या काळच्या छायाचित्रांत वायुविरोधी मुखवट्याची चौकोनी पिशवी पुष्कळदा छातीवर बांधलेली दिसते. पुट्टीचा तीन मिलिमीटरचा चौकोन लावला की ती झाली. मग पाठ. ब्रिटिश सैन्याने फ्रान्समध्ये जवळपास ६४ हजार वाहनं आणि सुमारे अडीच हजार तोफा मागे टाकल्या होत्या. अशा माघारीतून आलेल्या माणसांच्या पाठीवर नीट बांधलेली ओझी दाखवणं चूक आहे. म्हणून बऱ्याच जणांच्या पाठीवरची पिशवी सुरीने काढून टाकायची. शेवटी रंग. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘खाकी’ म्हटलं की पोलिसांचा गणवेश येतो. हा शब्द फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती यावरून आला आणि पेशावरला १८४६ मध्ये हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स पलटणीने तो रंग सैन्यात रुजवला. पण इंग्लंडच्या थंडीतला लोकरी बॅटलड्रेस गडद, तपकिरीकडे झुकणारा हिरवट होता. आपल्या ओळखीची खाकी तिथे लावली, तर तो सैनिक उष्ण प्रदेशातून आल्यासारखा दिसेल.

याच पद्धतीने प्लॅटफॉर्मवरची बाकीची माणसं ठरवता येतात. १४ मे १९४० ला ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्थानिक संरक्षक दल (लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स, म्हणजे एलडीव्ही) उभारण्याचं आवाहन केलं. त्याचं ‘होम गार्ड’ हे नाव जुलैत पडलं आणि पुरेसे गणवेश त्यानंतर यथावकाश मिळाले. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात फाटकाशी उभा असलेला रखवालदार रोजच्याच कपड्यांत असणार आणि त्याच्या बाहीवर ‘एलडीव्ही’ अक्षरांची पट्टी असणार. ती पट्टी म्हणजे ब्रशचा एक मिलिमीटरचा एकच फटका, पण त्या एका फटक्याने देखाव्याला महिना मिळतो. नागरिकांच्या खांद्याला मुखवट्याची पुठ्ठ्याची पेटी, प्लॅटफॉर्मच्या कडेला काळोखात दिसावा म्हणून ओढलेला पांढरा पट्टा, या खुणाही त्याच काळाच्या. एकही अमेरिकन सैनिक नको, कारण त्यांची पहिली तुकडी ब्रिटनच्या भूमीवर उतरली ती जानेवारी १९४२ मध्ये. फ्रेंच सैनिक मात्र हवेत. सुटका झालेल्यांत एक लाखाहून अधिक फ्रेंच होते आणि त्यांच्या शिरस्त्राणावरचा उभा कणा लांबूनही ओळखू येतो. आणि एखाद-दुसरी पगडीही चालेल. भारतीय सैन्याच्या खेचरवाहतुकीच्या कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून फ्रान्सला गेल्या होत्या आणि त्यांतले काही जण डंकर्कहून इंग्लंडला पोचले. इंग्रजी खेड्यातल्या प्लॅटफॉर्मवर पंजाबी मुसलमान सैनिक उभा करणं ही कल्पनेची भरारी वाटेल, पण त्याला इतिहासाचा आधार आहे. मुंबई बंदराची ही आठवण एखाद्या देखाव्यात जपली गेली, तर ती मोलाचीच ठरेल.

अर्थात लष्करी इतिहासाची साधनंही डोळे मिटून वापरण्याजोगी नाहीत. नियमपुस्तक काय असायला हवं ते सांगतं. छायाचित्र प्रत्यक्षात काय होतं ते सांगतं. संग्रहालयातलं मूळ कापड रंग सांगतं, कारण कृष्णधवल चित्रात खाकी आणि निळसर करडा यांत फरक करणं अवघड असतं. तिन्ही साक्षी जुळल्या की विश्वास ठेवावा. एकच असेल तर जपून. डंकर्कच्या गाड्यांचंच उदाहरण घ्या. ३१ मे १९४० ला लंडनच्या ॲडिसन रोड स्टेशनवर चहा पिणाऱ्या सैनिकांची अधिकृत छायाचित्रं उपलब्ध आहेत. त्या दिवसांतल्या अशा चित्रांत हसरे चेहरे आणि उंचावलेले अंगठे पुष्कळ. पण ती युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेली चित्रं आहेत, जनतेचं धैर्य टिकवण्यासाठी निवडलेली. त्या सैनिकांच्या आठवणींत वारंवार येते ती झोप. गाडीत बसताक्षणी माणसं गाढ झोपत. म्हणून चित्रांवरून कपडे घ्यावेत आणि देहबोलीसाठी आठवणींचाही आधार घ्यावा. खिडकीला डोकं टेकून झोपलेली दहा माणसं आणि अंगठा दाखवणारा एक, हे प्रमाण मला अधिक खरं वाटतं.

इतिहासाच्या जोडीला रंगकामाची विद्याही लष्करी पुतळे रंगवणाऱ्यांकडून घेण्यासारखी आहे. इतक्या लहान आकारावर खरा प्रकाश खऱ्यासारखा पडत नाही. बाहीच्या घडीत सावली साठत नाही आणि एकाच रंगाने रंगवलेला पुतळा प्लॅस्टिकचा ठोकळा दिसतो. म्हणून सावली रंगानेच निर्माण करावी लागते. पुतळ्याला आधी गडद रंगाचा पातळ थर देऊन वरच्या बाजूने फिका रंग फवारला की ऊन वरून आल्याचा भास होतो. त्यावर मूळ रंग चढवायचा, मग अगदी पातळ गडद रंग सोडायचा म्हणजे तो आपोआप घड्यांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. शिवाय सगळे रंग मूळ कापडापेक्षा थोडे फिके ठेवायचे, कारण लांबच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकट दिसतो आणि लहान प्रतिकृती म्हणजे लांबून पाहिलेली वस्तूच असते. ही रीत शिकायला महागडं साहित्य लागत नाही. दोन बरे ब्रश, पाच-सहा रंग आणि थोडा संयम पुरतो.

यावर पहिला आक्षेप येतो आकाराचा. दोन सेंटिमीटरच्या माणसाची टोपी कुणाला दिसणार? उत्तर साध्या गणितात आहे. १:७६ प्रमाणातला पुतळा एक मीटरवरून पाहणं म्हणजे खरा माणूस ७६ मीटरवरून पाहणं. ७६ मीटरवरचा माणूस आपण रोज पाहतो. रस्त्याच्या त्या टोकाला पोलीस उभा आहे की टपाल वाटणारा, त्याच्या डोक्यावर टोपी आहे की पागोटं, तो ओझ्याने वाकलाय की रिकाम्या हाताने चाललाय, हे आपल्याला बरोबर कळतं. बटणं, बिल्ले, मिशीचा आकडा दिसत नाही. म्हणजे हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या भागातून एक उपयोगी नियम मिळतो: इतिहासातून तेवढंच घ्या जेवढं ७६ मीटरवरून दिसतं. डोक्यावरचं, पाठीवरचं, कपड्याचा ढोबळ रंग आणि उभं राहण्याची ढब. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय सेनाधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट जाऊन त्याजागी अशोकस्तंभाचे सिंह आले. हा बदल देशासाठी फार मोठा होता, पण दोन सेंटिमीटरच्या माणसावर तो रंगवण्यात रात्र घालवू नये. पागोट्याचा आकार चुकवू नये, ते मात्र महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेल्वे ही माणसं जोडणारी गोष्ट, तिच्या प्रतिकृतीत युद्ध कशाला आणायचं? ज्याला १९५५ चं शांत ग्रामीण स्टेशन करायचं आहे, त्याला सैनिकांशी काय देणंघेणं? या भावनेचा मला आदर आहे, पण वस्तुस्थिती तिच्या बाजूने नाही. ब्रिटनमध्ये १९४९ पासून तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती आणि तिच्यातले शेवटचे तरुण १९६३ मध्ये बाहेर पडले. वाफेच्या इंजिनांचा जो शेवटचा बहर तिथले छंदिष्ट सर्वाधिक आवडीने उभारतात, त्या बहरातल्या प्लॅटफॉर्मवर रजेवर निघालेले गणवेशधारी तरुण नेहमीचेच होते. सैन्याचे उरलेले ओव्हरकोट कामगारांच्या अंगावर होते आणि मुखवट्याच्या रिकाम्या पिशव्यांतून लोक दुपारचा डबा नेत. शांततेच्या काळातल्या कपड्यांतही युद्ध मुरलेलं असतं. शिवाय डंकर्कच्या देखाव्यात गौरव कशाचा होतो? तिथे तोफ नाही, शत्रू नाही. दमलेली माणसं आणि त्यांना चहा देणारे हात आहेत. अचूक गणवेशामुळे ती माणसं एका विशिष्ट दिवसाची होतात आणि युद्धाची किंमत अधिक स्पष्ट दिसते. कुठल्याही काळात न बसणारे चकचकीत सैनिक मांडले, तर मात्र युद्ध खरोखरच खेळणं होऊन बसतं.

तिसरा आक्षेप कष्टांचा. छंद विरंगुळ्यासाठी असतो, त्याचा अभ्यासक्रम करू नये, असं अनेकांना वाटतं. त्यांना माझं सांगणं एवढंच की सगळी माणसं बदलण्याची गरज नाही. पाहणाऱ्याची नजर प्लॅटफॉर्मच्या पुढच्या कडेवरच्या पाच-सहा जणांवर ठरते. तेवढ्यांना त्यांचं साल द्या. मागची गर्दी त्यांच्याच आधाराने त्या काळाची वाटू लागते. पन्नास अनोळखी पुतळ्यांपेक्षा सहा ओळखीची माणसं देखावा अधिक भरतात.

मराठी छंदिष्टांसाठी तर हे दालन अजून बरंचसं मोकळं आहे. देवळालीला ब्रिटिश काळापासून मोठी लष्करी छावणी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला. महायुद्धाच्या वर्षांत मुंबई बंदराकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या सैनिकांची वाहतूक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या रुळांवरून झाली. हीच रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत आली. असं एखादं स्टेशन १९४४ सालचं म्हणून उभारायचं, तर त्यावरचे सैनिक सुती खाकीतले, पुष्कळसे अर्ध्या विजारीतले असायला हवेत. त्यांच्या सामानाची, टोप्यांची, बसण्या-उठण्याची खात्रीची माहिती परदेशी संग्रहांत जितकी आहे, तितकीच साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरांतल्या ट्रंकांमध्येही असू शकते. फौजेत गेलेल्या आजोबा-पणजोबांचं एखादं पिवळं पडलेलं छायाचित्र तिथे असतं. त्यावर बहुधा तारीख नसते आणि ती सांगू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत. तुमच्या घरी असं चित्र असेल, तर ते आजच बाहेर काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवा.